रिकामे सभागृह आणि पालघरचा विद्यार्थी

१९२७ हे वर्ष आपण महाडचे वर्ष म्हणून ओळखतो. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन, या दोन तारखा आपल्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असतात. परंतु या दोन तारखांच्या मधल्या काळात बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणखी एक लढाई लढत होते. तिची आठवण आपण फारशी काढत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक तेव्हा कौन्सिलापुढे आले होते. विद्यापीठाच्या सिनेटमध्ये कोणी बसावे, कोणाला निवडून द्यावे आणि कोणाला नेमावे, असा तो वाद होता. मागासलेल्या वर्गांना सिनेटमध्ये जागा मिळालीच पाहिजे आणि ती केवळ पदवीधरांच्या मतांवर सोडून चालणार नाही, असे बाबासाहेबांनी तेथे ठणकावून सांगितले. त्या काळात पदवीधर म्हणजे कोण, हे कौन्सिलातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ज्यांच्यात बुद्धी आहे, पण पैसा नाही किंवा परिस्थिती आडवी येते, अशांच्या हाती उच्च शिक्षण देणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, अशी त्यांची भूमिका होती. इतर सुखसोयींवर एक वेळ पाणी सोडू, पण उच्च शिक्षणावरचा हक्क सोडणार नाही, हा त्या भाषणाचा गाभा होता.

पाण्याचा हक्क आणि विद्यापीठाच्या सभागृहातील जागेचा हक्क बाबासाहेबांनी एकाच वर्षी मागितला, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. वर्गात बसू दिले म्हणजे शिक्षण मिळाले, असे ते मानत नव्हते. फी किती असावी, परीक्षा कशी घ्यावी, महाविद्यालय कोठे काढावे, हे जेथे ठरते तेथे आपला माणूस बसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

ते मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ पासून आजतागायत उभे आहे. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत त्याची महाविद्यालये पसरली आहेत. आज आम्हाला बोलायचे आहे ते यांपैकी पालघरविषयी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार या भागाची लोकसंख्या २९ लाख ९० हजार आणि त्यात आदिवासी ३७ टक्क्यांहून अधिक. एका टोकाला तारापूरचे अणुवीज केंद्र, जेथे १९६९ साली देशात प्रथम व्यापारी तत्त्वावर अणुवीज तयार झाली, आणि त्याच्या शेजारी बोईसरची भलीमोठी औद्योगिक वसाहत. दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा, जेथे रेल्वे नाही आणि भाताची कापणी उरकली की अर्धे गाव कामाच्या शोधात बाहेर पडते. या दोन्ही टोकांची मुले एकाच विद्यापीठाची परीक्षा देतात. त्या विद्यापीठाचा कारभार मात्र फोर्ट आणि कलिना येथून चालतो.

बोईसर स्टेशनावर कॉलेजच्या वेळी जो उभा राहिला असेल, त्याला आम्ही काय म्हणतो ते कळेल. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, त्यामुळे मुलांची मोठी सोय झाली. पण गाड्या मोजक्याच. एक चुकली की पहिले दोन तास बुडाले. रात्रपाळी करून थेट वर्गात येणारी मुले आहेत. आई कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंग करते आणि मुलगी बी.कॉम.ला आहे, अशी घरे आहेत. अशाच काही मुलांना आम्ही सहज विचारले, तुमच्या महाविद्यालयात विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष कोण? मुले एकमेकांकडे पाहू लागली. एक मुलगी म्हणाली, "सर, अशी परिषद असते का?" त्या मुलीला आम्ही दोष देत नाही. तिने जे कधी पाहिलेच नाही, ते तिला माहीत कसे असणार?

कायद्याच्या पुस्तकात मात्र सर्व काही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात अधिसभा आहे, व्यवस्थापन परिषद आहे, विद्यापरिषद आहे. नोंदणीकृत पदवीधरांनी अधिसभेवर १० प्रतिनिधी निवडून द्यायचे, त्यांत ५ जागा राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक. अधिसभा विद्यापीठाच्या अर्थसंकल्पावर बोलते, प्रश्न विचारते, ठराव मांडते. महाविद्यालयाच्या पातळीवर महाविद्यालय विकास समिती आहे. पूर्वी तिला स्थानिक व्यवस्थापन समिती म्हणत. तिच्यात निवडून आलेले तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष व सचिव असावेत असे कायदा सांगतो. याचा अर्थ असा की महाविद्यालयाचा अर्थसंकल्प आणि विकासाचा आराखडा ज्या टेबलावर ठरतो, त्या टेबलाशी मोखाड्याच्या विद्यार्थ्यालाही खुर्ची आहे. प्रश्न एवढाच की त्या खुर्चीवर कोणी बसले आहे काय?

आता थोडा इतिहास पाहू. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावानंतर सोळा वर्षे आपल्या माणसांनी मार खाल्ला, घरे जळाली, जीव गेले, तेव्हा कोठे विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव लागले. त्याच वर्षी, जुलै १९९४ मध्ये, राज्यात नवा विद्यापीठ कायदा लागू झाला आणि त्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या. महाविद्यालयीन निवडणुकांत हिंसाचार होतो, असे कारण पुढे करण्यात आले. हिंसाचार होत होता हे खरेच आहे. पण विधानसभेच्या निवडणुकीत हिंसाचार झाला म्हणून कोणी विधानसभा बंद केली काय? एका हाताने नाव दिले आणि दुसऱ्या हाताने मत काढून घेतले. नामांतराच्या आनंदात आपले तिकडे लक्ष गेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्या कायद्याने निवडणुकीच्या जागी आणली ती 'गुणवत्ता'. मागच्या वर्षी वर्गात ज्याला सर्वाधिक गुण, तो वर्ग प्रतिनिधी. हा शब्द आपल्या फार ओळखीचा आहे. प्रतिनिधी म्हणजे ज्याच्यावर इतरांचा विश्वास आहे तो. गुणपत्रिका विश्वास मोजत नाही. वसतिगृहाच्या जेवणात अळ्या सापडल्या, तर तक्रार घेऊन प्राचार्यांच्या दालनात जाण्याची छाती वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाकडे असेलच असे नाही. ती कदाचित शेवटच्या बाकावरच्या, आश्रमशाळेत वाढलेल्या वारली मुलाकडे असेल. त्याला निवडण्याचा अधिकारच वर्गाकडून काढून घेतला गेला.

२०१६ च्या कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी सर्व विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडायचा. आम्ही तेव्हा त्याचे स्वागत केले होते. पुढे काय झाले? नियम तयार व्हायला वेळ गेला. २०१९ साली निवडणुका होणार म्हणून घोषणा झाली, तर विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून त्या पुढे ढकलल्या. मग करोना आला. करोना गेला, तरी त्यानंतरही वर्षामागून वर्षे निघून गेली आणि निवडणूक झाली नाही. लिंगडोह समितीच्या शिफारशी स्वीकारून सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच विद्यार्थी निवडणुकांसाठी खर्चाची मर्यादा, हजेरीची अट, वयाची अट असे सर्व ठरवून दिले होते. म्हणजे निवडणूक कशी घ्यावी याचे उत्तर सरकारच्या हाती केव्हाचे आहे. घ्यायची आहे काय, एवढाच प्रश्न.

राखीव प्रवर्गाच्या त्या एका जागेचा हिशेबही वाचकांनी करून पाहावा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके आणि इतर मागासवर्ग अशा चार प्रवर्गांसाठी महाविद्यालयात मिळून एक जागा, आणि तीही चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने. प्रवर्ग चार आणि पदवी तीन वर्षांची. म्हणजे दरवर्षी नियमाने निवडणूक झाली तरी एखाद्या प्रवर्गाची मुले प्रवेश घेतील, पदवी घेतील, कॉलेज सोडतील आणि त्यांची पाळी येणारच नाही. ज्या जिल्ह्यात तीन माणसांमागे एकाहून अधिक आदिवासी आहे, तेथे आदिवासी विद्यार्थ्याने चिठ्ठीची वाट पाहत बसायचे, ही कसली भागीदारी?

अधिसभेची गोष्ट याहून गंभीर आहे. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अधिसभेची मुदत २०१५ साली संपली. नवा कायदा येतो आहे म्हणून निवडणुका थांबवल्या. नवी अधिसभा निवडून आली ती मार्च २०१८ मध्ये. मधल्या काळात काय घडले? २०१७ साली विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. पुरेशी तयारी नाही, शिक्षकांना प्रशिक्षण नाही, आणि लाखो उत्तरपत्रिका एकदम त्या यंत्रात ढकलल्या. निकाल लांबले, ३१ जुलैची मुदत उलटली, उत्तरपत्रिका सापडेनात. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात प्रथमच कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले, ते त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला. हा सर्व गोंधळ होत असताना प्रश्न विचारायला निवडून आलेली अधिसभा अस्तित्वातच नव्हती.

कुलगुरू गेले, बातमी संपली. पण ज्या मुलाचा निकाल राखीव राहिला त्याचे काय झाले? दादरच्या मुलाने कलिन्याच्या परीक्षा भवनात दहा चकरा मारल्या असतील. जव्हारच्या मुलाने एक चकर मारायची तर पहाटेची एसटी, मग लोकल, मग रिक्षा, आणि खिडकीवर पोचेपर्यंत जेवणाची सुटी. दुसरी चकर मारायला पैसे नाहीत. असा मुलगा तक्रार करत नाही. तो शिक्षण सोडतो आणि तारापूरच्या एखाद्या कंपनीत ठेकेदाराकडे हजेरी लावतो. त्याची कोठेही नोंद होत नाही.

दुसऱ्या वेळी तेच. २०१८ च्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. ऑगस्ट २०२३ मध्ये पदवीधरांच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला आणि काही दिवसांतच तो स्थगित झाला. मतदारयादीत घोळ असल्याचे सांगण्यात आले. पुन्हा नव्याने नोंदणी. शेवटी २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरली, तर दोन दिवस आधी पुन्हा स्थगिती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने फटकारले, तेव्हा २४ सप्टेंबरला मतदान झाले. २२ तारखेला रविवार होता. २४ तारखेला मंगळवार होता. बोईसरच्या कारखान्यात रोजावर काम करणाऱ्या पदवीधराला मंगळवारी मतदान करणे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे. हा फरक निर्णय घेणाऱ्यांच्या लक्षात आला असेल असे आम्हाला वाटत नाही. आणि या दोन वर्षांच्या रिकामपणात काय झाले? जून २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा सगळा ढाचा बदलला. मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, चौथे वर्ष. मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात पंचवीस विषयांतून निवड करता येईल. मोखाड्याच्या किंवा तलासरीच्या लहान महाविद्यालयात शिक्षकांच्या जागाच भरलेल्या नसतील, तर विद्यार्थ्याने कशातून काय निवडायचे? प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण विक्रमगडच्या मुलीने कोठे घ्यायचे? तारापूरचे कारखाने तिला दारात उभे करतील काय? हे प्रश्न जेथे विचारायचे तेथे पदवीधरांचे प्रतिनिधी त्या वेळी नव्हते.

मोठा निर्णय आणि रिकामे सभागृह यांची गाठ दोनदा पडली. तिला योगायोग म्हणणे आता भोळेपणाचे ठरेल. विचारणारे कोणी नसले की कारभार सोपा होतो, हे प्रत्येक सरकारला कळते. कोणत्या पक्षाचे सरकार होते, याने फार फरक पडत नाही. २०२१ साली त्या वेळच्या सरकारने कुलगुरू निवडीत मंत्र्यांचा हात घालणारी दुरुस्ती आणली, पुढच्या सरकारने ती मागे घेतली. राजभवन मोठे की मंत्रालय मोठे, एवढाच तो वाद होता. विद्यार्थी त्या वादात कोठेच नव्हता.

विद्यार्थ्याला न विचारता निर्णय घेतला की काय होते, हे आदिवासी वसतिगृहांच्या बाबतीत आपण पाहिले आहे. २०१८ साली वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यावर टाकण्याचे ठरले. कागदावर योजना सुटसुटीत. पण पैसे उशिरा आले तर मुलांनी त्या दिवशी खायचे काय? त्या जुलैत मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. आत बसून बोलायला जागा नसली की विद्यार्थी रस्त्यावर येतो, आणि मग त्यालाच बेशिस्त म्हणून हिणवले जाते.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती जिवाशी येणारी आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समान संधी कक्षाचे आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे नियम २०१२ पासून होते. अधिकारी प्रशासन नेमते, तो प्रशासनाला उत्तर देतो. निवडून आलेला विद्यार्थी प्रतिनिधी विद्यार्थ्यांना उत्तर देतो. जातीवरून टोमणे ऐकणारी मुलगी आधी कोणाकडे जाईल, याचे उत्तर कोणत्याही वसतिगृहात मिळेल.

अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे १९१८ साली विद्यार्थ्यांनी संप करून विद्यापीठाच्या कारभारात वाटा मिळवला आणि ती रीत पुढे लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत गेली. इतक्या दूर जायचे नसेल तर १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे पाहावे. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. मुलांनी राज्यकारभाराची भाषा महाविद्यालयातच शिकावी, हा त्यामागचा विचार होता.

आता थोडे आपल्याविषयी, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही. २०२४ च्या निवडणुकीत सात जिल्ह्यांत मिळून पदवीधर मतदार होते सुमारे १३ हजार ४००. २०१८ साली हाच आकडा ६० हजारांच्या वर होता. त्या १३ हजारांतही निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी मतदान केले. दोन्ही वेळा दहाच्या दहा जागा एकाच संघटनेने जिंकल्या. तिने घरोघर जाऊन नोंदणी केली, कागदपत्रे गोळा केली, माणसे मतदानाला आणली. त्यात तिचा दोष काय? आपण काय केले? पालघर, बोईसर, वसई, डहाणू येथे आपल्या समाजाचे आणि आदिवासी बांधवांचे हजारो पदवीधर आहेत. शिक्षक आहेत, बँकेत आहेत, रेल्वेत आहेत, अणुवीज केंद्रात आहेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आपण महिनाभर आधी वर्गणी गोळा करतो. पदवीच्या कागदाची एक प्रत जोडून नाव नोंदवायला आपल्याला वेळ मिळत नाही. १९२७ साली बाबासाहेबांना नेमणुकीची मागणी करावी लागली, कारण आपल्याकडे पदवीधर नव्हते. आज पदवीधर आहेत आणि मतदारयादीत नावे नाहीत. याचे उत्तर सरकार देणार नाही, ते आपल्यालाच द्यावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मुदत संपण्यापूर्वी अधिसभेची निवडणूक घेतलीच पाहिजे, असे बंधन कायद्यात घालावे. पदवी मिळाली की नाव आपोआप मतदारयादीत जावे, दर वेळी नव्या नोंदणीचे झंझट नको. मतदान रविवारीच व्हावे आणि केंद्र प्रत्येक तालुक्याला असावे, जव्हारलाही आणि मोखाड्यालाही. विद्यार्थी परिषदेत राखीव जागा आळीपाळीने नको, प्रत्येक प्रवर्गाला दरवर्षी हवी. महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीचा वृत्तांत सूचनाफलकावर लागावा. या समितीत संस्थाचालक उद्योग क्षेत्रातील माणूस घेऊ शकतात, असे कायदा म्हणतो. बोईसरसारख्या ठिकाणी कारखानदाराला खुर्ची मिळत असेल, तर ज्याची मुले तेथे शिकतात त्या कामगारालाही मिळाली पाहिजे.

अधिसभेची पुढची निवडणूक येईलच. ती पुढे ढकलली जाण्याची शक्यता धरूनच कामाला लागले पाहिजे. पालघर जिल्ह्यातील प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक वस्तीतील वाचनालयात पदवीधरांची यादी आतापासून तयार करावी. आदिवासी संघटनांना सोबत घ्यावे, कारण या जिल्ह्यात त्यांच्याशिवाय कोणतीही बेरीज पूर्ण होत नाही. आणि बोईसरच्या स्टेशनावर भेटलेल्या त्या मुलीला कोणीतरी सांगावे की बाई, अशी परिषद असते, तिच्यात तुझी जागा आहे, आणि ती मागितल्याशिवाय कोणी देणार नाही.